पाच ग्राहक, एक रांग

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय जाहीर झाला आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. ठिबक संच, ट्रॅक्टर आणि बहुतेक औषधं १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. विदर्भातल्या कळंबच्या कृषी केंद्रात उभ्या असलेल्या शेतकऱ्यासाठी ही चांगली बातमी होती. पण त्याच्या हातात योग्य बिल पडावं म्हणून कुणाला तरी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हात घालावा लागतो, आणि तिथे नुसता आकडा बदलून भागत नाही. २१ तारखेचं बिल पुन्हा छापलं तर त्यावर जुनाच दर यायला हवा. तेव्हा विकलेला माल नंतर परत आला, तर त्याची क्रेडिट नोटही जुन्याच दराने निघायला हवी.

मी हेच काम करते. घर कळंबला, ऑफिस नागपूरला. काही दिवस तिथे, बाकीचे दिवस घरून. आमची सात जणांची टीम पाच ग्राहकांची सॉफ्टवेअर सांभाळते: एक पतसंस्था, एक रुग्णालय, एक जिनिंग-प्रेसिंग, कृषी निविष्ठांची दुकानं आणि एक शाळा. यातलं एकही आम्ही मुळापासून लिहिलेलं नाही. पेरणीचं कौतुक सगळ्यांना असतं, पण पऱ्हाटी हाती लागते ती निंदण-डवरणीने. आमचं काम त्या निंदण-डवरणीचं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

सॉफ्टवेअरच्या अशा देखभालीचे तीन प्रकार बर्टन स्वॉन्सन यांनी १९७६ मध्येच मांडले होते. बिघाड दुरुस्त करणं हा पहिला. बदललेल्या कायद्याशी किंवा यंत्रणेशी जुळवून घेणं हा दुसरा, आणि वापरणाऱ्याची सोय वाढवणं हा तिसरा. जीएसटीचा बदल दुसऱ्या प्रकारचा. रुग्णालयाचा रिपोर्ट अर्धवट छापला जाणं पहिल्या प्रकारचं. पाच ग्राहकांकडून हे तिन्ही प्रकार एकाच सकाळी येऊ शकतात.

सॉफ्टवेअरच्या जगात काम आखण्याची सर्वांत चालती पद्धत म्हणजे स्क्रम. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये ती जाहीरपणे मांडली. करायच्या कामांची क्रमवार यादी ठेवायची आणि जास्तीत जास्त महिनाभराचा टप्पा, म्हणजे स्प्रिंट, आखायचा. रोज १५ मिनिटं भेटून काम कुठवर आलं ते पाहायचं. टप्प्याच्या शेवटी झालेलं काम ग्राहकाला दाखवायचं आणि आपल्या पद्धतीत काय सुधारायचं ते ठरवायचं. टीम साधारण १० जणांपर्यंतची. या पद्धतीच्या गाभ्याशी एक गृहीतक आहे: एक टीम, एक उत्पादन, एक यादी आणि त्या यादीचा क्रम ठरवणारा एक माणूस.

आमच्याकडे उत्पादनं पाच. प्रत्येकाचा वेगळा स्प्रिंट चालवायचा म्हटलं तर पाच नियोजनं आणि रोज पाच बैठका होतात, आणि एकेका माणसाचं डोकं दिवसभर इकडून तिकडे धावत राहतं. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यासाठी एक ठोकताळा दिला होता. माणूस एका वेळी दोन प्रकल्प हाताळत असेल तर सुमारे २० टक्के वेळ नुसत्या अदलाबदलीत जातो; पाच असतील तर ७५ टक्के. हे मोजमाप नाही, अनुभवाचा अंदाज आहे. पण व्याजाच्या हिशेबात डोकं घातलेलं असताना जिनिंगचा फोन आला की मूळ धागा पुन्हा हाती लागायला किती वेळ जातो, ते हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

या प्रश्नावरचा माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका अनुभव आपल्या शेजारचा, हैदराबादचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची देखभाल करणारी एक छोटी टीम २००४ मध्ये तिथे होती. तिच्याकडे सुमारे ८० प्रणाली होत्या. एखादा छोटा बदल मागितला की तो मिळायला सरासरी पाच महिने लागत, आणि मागण्यांचा ढीग वाढतच होता. नवे व्यवस्थापक ड्रागोस दुमित्रियु यांनी डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने नीट पाहिलं, तेव्हा दुखणं भलतीकडेच निघालं. प्रत्येक मागणीला किती वेळ लागेल याचा अंदाज ४८ तासांत द्यायचा नियम होता. टीमची एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त ताकद त्या अंदाजांतच जात होती, आणि अंदाज दिलेल्या कित्येक मागण्या पुढे कधी पूर्णच केल्या जात नव्हत्या.

त्यांनी अंदाज देणं थांबवलं, एका वेळी हातात घ्यायच्या कामांवर मर्यादा घातली आणि जागा रिकामी होईल तसं पुढचं काम कोणतं, ते मागणी करणाऱ्या सर्व विभागांनी मिळून ठरवायचं असं केलं. पुढे माणसांची थोडी फेररचनाही झाली, पण कोड लिहिण्याच्या आणि तपासण्याच्या पद्धतीला जवळजवळ हात लावला नाही. पाच महिन्यांची वाट दोन आठवड्यांवर आली. सॉफ्टवेअरमध्ये कानबान नावाने ओळखली जाणारी पद्धत पुढे याच अनुभवातून आकाराला आली.

यामागचं गणित साधं आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं. हातात २० कामं असतील आणि आठवड्याला ५ पूर्ण होत असतील, तर एका कामाला सरासरी ४ आठवडे लागणार. त्याच वेगाने, पण हातात १०च कामं ठेवली, तर २ आठवडे. सगळ्यांना लवकर ‘सुरू केलंय’ असं सांगण्याच्या नादात सगळ्यांचंच काम लांबतं.

म्हणून आम्ही स्क्रमची लय ठेवली आणि रचना बदलली. पाचही ग्राहकांची एकच रांग असते आणि तिचा क्रम आमच्यातली एक व्यक्ती सर्व ग्राहकांशी बोलून ठरवते. दोन आठवड्यांचा स्प्रिंट आम्ही काठोकाठ भरत नाही. आधीच्या स्प्रिंटमध्ये अचानक किती काम आलं त्याच्या नोंदी पाहून तेवढी जागा मोकळी सोडतो. एका माणसाच्या हाती एका वेळी एकच काम. रोजच्या १५ मिनिटांत आम्ही कामांची स्थिती दाखवणाऱ्या फळ्याच्या शेवटच्या रकान्यापासून बोलायला सुरुवात करतो, म्हणजे पूर्ण व्हायला आलेल्या कामाकडे आधी लक्ष जातं.

फोनची पाळी असते. आठवडाभर एकच जण सगळे फोन घेतो, बाकीचे सलग काम करतात. ‘ताई, बिल निघून नाही राहिलं ना, गिऱ्हाईक उभं आहे,’ असा फोन आला तर तो पाळीवाल्याकडे जातो. रांग मोडायची फक्त तीन कारणं आम्ही ग्राहकांसोबत बसून लिहून ठेवली आहेत: व्यवहार अडला असेल, माहिती धोक्यात असेल किंवा कायद्याची तारीख डोक्यावर असेल. बाकी सगळं रांगेत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जगभर वापरल्या जाणाऱ्या घटकात गंभीर त्रुटी उघड झाली, ते दुसऱ्या कारणाचं नेमकं उदाहरण. अशा वेळी पाचही यंत्रणा एकदम तपासाव्या लागतात आणि मोकळी सोडलेली जागा कामी येते.

आणखी एक गोष्ट आम्हाला विदर्भाच्या हंगामचक्राने दिली. कृषी केंद्रांची गर्दी मृगाच्या आधी, शाळेची जूनमध्ये, जिनिंगची दिवाळीनंतर, पतसंस्थेची ३१ मार्चला. रुग्णालयाला मोसम नाही. ज्याची गर्दी जवळ आली, त्याचं मोठं काम आम्ही दोन महिने आधी रांगेत पुढे घेतो आणि गर्दीच्या दिवसांत त्याच्या चालत्या यंत्रणेत अनावश्यक बदल करत नाही. पाच ग्राहक असणं तेव्हा सोयीचं ठरतं, कारण सगळ्यांची घाई एकाच महिन्यात येत नाही.

काही जाणकार म्हणतील, हे स्क्रम नव्हे. २०२० च्या अधिकृत मार्गदर्शिकेतही स्पष्ट लिहिलं आहे की पद्धतीचे काही तुकडेच वापरले तर त्याला स्क्रम म्हणता येणार नाही. ते मला मान्य आहे, आणि नावाचा आमचा आग्रह नाही. देखभालीच्या टीमकडे सर्वांत मौल्यवान वस्तू असते ती तिच्या माणसांचं सलग लक्ष. जी पद्धत ते राखते, ती आमची.

गावातल्या पतसंस्थेचे संचालक, दुकानदार, शाळेचे मुख्याध्यापक यांच्यापैकी अनेक जण दरवर्षी देखभालीच्या करारावर सही करतात आणि बहुतेक वेळा फक्त रक्कम विचारतात. त्यांनी आणखी तीन प्रश्न जरूर विचारावेत. आमचं सॉफ्टवेअर तुमच्याकडे किमान दोघांना नीट कळतं का? तातडीचं काम कशाला म्हणायचं, ते लिहून ठेवलं आहे का? आणि आज तुमच्या हातात एकूण किती कामं अर्धवट आहेत? तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे नेमका आकडा असेल, त्याने दिलेल्या तारखेवर विश्वास ठेवायला हरकत नाही.