कांदेनवमीचं टोस्ट सँडविच

आषाढातली नवमी. डोंबिवलीवर सकाळपासून पाऊस कोसळतोय आणि आमच्या ओट्यावर कांद्याच्या चकत्यांचा ढीग वाढतोय. परवा एकादशी. चातुर्मास लागला की आई थेट कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसणाला शिवत नाही. म्हणून आज कांदेनवमीला शेजारी भजी तळली जातायत, आणि आमच्याकडे नेहमीप्रमाणे टोस्ट सँडविच.

आई खुर्चीवर बसून हुकूम सोडतेय. मिक्सरच्या भांड्यात कोथिंबीर, मिरच्या, आलं, जिरं, लिंबू पडलंय. "मूठभर डाळं टाक गं, नाहीतर चटणीला पाणी सुटेल," ती माझ्या लेकीला सांगते. लेक डाळं टाकते आणि ब्रेडला लोणी लावायला घेते. अगदी कडेपर्यंत लावते. लोण्याचा थर नीट बसला की चटणीचा ओलावा ब्रेडमध्ये मुरत नाही. स्टेशनबाहेरचा सँडविचवालाही सुरुवात लोण्यानेच करतो.

मग थर चढू लागतात. उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, आणि आज दुप्पट कांदा. प्रत्येक थरावर मसाल्याची चिमूट: भाजलेलं जिरं, बडीशेप, मिरी, दालचिनी, आमचूर, काळं मीठ. मी सँडविच लांब दांड्यांच्या चिमट्यात दाबते, कडी अडकवते आणि गॅसवर धरते. लोणी चरचरतं. खरपूस वास हॉलपर्यंत पोचतो आणि नवरा आतून ओरडतो, "माझ्यात बीट नको!"

हा चिमटा बाबांनी आणलेला. तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहायचो आणि आजीचा दंडक होता: ब्रेड ओट्यावर ठेवायचा नाही. "बेकरीत पीठ पायांनी मळतात," असं ती ठामपणे सांगायची. मेणकागदातला ब्रेड गॅलरीतल्या स्टुलावर राहायचा. आम्ही भावंडं तिथेच बसून दोन स्लाइसमध्ये लोणी आणि साखर घालून खायचो. साखर दाताखाली कचकचायची. माझ्या आयुष्यातलं पहिलं सँडविच ते.

आजीच्या त्या दंडकामागे केवढा इतिहास होता, हे मला फार उशिरा कळलं. 1849 साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जात मानत नाही, याची ती खूण. समाजाच्या धाकाने सभेचं सगळं कामकाज गुप्तपणे चाले. पुढे 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून टिळक-रानड्यांसह अनेकांवर ग्रामण्याचा प्रसंग आला. पावाच्या एका तुकड्यासाठी माणसं वाळीत पडायची भीती होती. त्या काळाची सावली आमच्या गॅलरीतल्या स्टुलापर्यंत पोचलेली होती.

ती हटली आजीच्या तापात. डॉक्टरांनी चहा-पाव द्यायला सांगितलं. दोन दिवस आजीने तो औषधासारखा गिळला. तिसऱ्या दिवशी आईने ब्रेडच्या कडा कापल्या, लोणी लावलं, हिरवी चटणी आणि बटाट्याच्या पातळ चकत्या घातल्या आणि ताटली पुढे केली. आजीने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि विचारलं, "कांदा नाही घातलास होय?" त्या दिवसापासून ब्रेड ओट्यावर आला.

"आई, तुझं तयार!" माझी हाक ऐकून लेक पुढे होते. चिमट्यातून काढलेलं सँडविच पाटावर ठेवते आणि सुरीने चारही कडा कापून टाकते. आईचे दात आता कडक कड चावू शकत नाहीत. हे लेकीला कुणी सांगितलेलं नाही. तिने आपल्या आजीला जेवताना बघितलंय. आई पहिला घास घेते. कांदा करकर वाजतो, तिचे डोळे मिटतात. "मिरची बरोबर पडलीय," ती म्हणते, आणि लेकीचा चेहरा उजळतो.

मग एकेकाचं निघू लागतं. नवऱ्याचं बिनबिटाचं. भावाला कालची बटाट्याची भाजी भरून हवंय. लेकीच्यात चीज इतकं, की ते चिमट्याच्या फटीतून बाहेर येऊन करपतं. तो करपलेला पापुद्रा तिला सगळ्यात आधी लागतो. आमच्या घरात सँडविच करणं म्हणजे कुणाला काय चालतं आणि काय सोसत नाही, ते मनात ठेवणं. आईने ते सासूसाठी केलं, माझी लेक आजीसाठी करतेय. परका म्हणून गॅलरीत बसवलेला पाव अशा सांभाळण्यातूनच आमच्या घरचा झाला, असं मला अगदी मनापासून वाटतं.

ताटल्या रिकाम्या होतायत. लेक कापलेल्या कडा गोळा करून कचऱ्याच्या डब्याकडे वळते.

"ठेव त्या इकडे," आई म्हणते. "उद्या सकाळी फोडणीचा पाव करू. कांदा घालून. एकादशीला अजून वेळ आहे."