पापलेटचे खरे नाव

शिरपूरच्या मासळी बाजारात एका रविवारी मी पापलेट हातात घेऊन उलटसुलट करून पाहत होतो. आधी शेपटी पाहिली, मग पोटाकडची बाजू, मग डोक्यामागची कातडी. विकणारी बाई माझ्या ओळखीची. थोडा वेळ तिने वाट पाहिली आणि मग म्हणाली, ‘‘चाचा, मासा लेवाना शे का नुसता मोजाना शे?’’ आजूबाजूचे लोक हसले. मीही हसलो. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी मला मासा मोजायचाच होता. का, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

आमच्या गावापासून समुद्र दूर आहे. गावाला अरुणावती आहे, दक्षिणेला तापी आहे. मुलताईला उगम पावलेली तापी सातशे चोवीस किलोमीटर वाहत जाऊन सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. समुद्राशी आमचे नाते हे एवढेच. बाजारात मरळ, वाम, रोहू, कटला हे मासे आमच्या ओळखीचे. पापलेट मात्र बर्फाच्या पेटीत बसून येणारा पाहुणा. पाहुण्याचे नाव आपण सहसा विचारत नाही, इतरांनी सांगितलेले तेच धरून चालतो. पापलेटच्या बाबतीत तर शास्त्रज्ञांचेही अनेक वर्षे असेच झाले.

सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राने पापलेटला, म्हणजे सरंग्याला, राज्यमासा म्हणून घोषित केले. शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी, ताम्हण हे राज्यफूल, त्यांच्या पंगतीला आता हा चंदेरी मासा बसला. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीसारख्या बंदरांचा संसार ज्याच्यावर उभा राहिला, त्याचा हा मान. पण शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत, मासळीच्या तक्त्यांत त्याचे शास्त्रीय नाव वर्षानुवर्षे छापले गेले ते ‘पॅम्पस अर्जेंटियस’. हे नाव मुळात चीनकडच्या माशाचे आहे.

त्याची गोष्ट अशी. 1788 साली युफ्रासेन नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने चीनकडून मिळालेल्या दोन पापलेटांचे वर्णन प्रसिद्ध केले. एकाला त्याने ‘अर्जेंटियस’ म्हटले, म्हणजे रुपेरी. दुसऱ्याला ‘चायनेन्सिस’, म्हणजे चिनी. पुढे 1829 साली कुव्हिए या थोर फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने भारतीय पापलेटला वेगळे नाव दिले, ‘कँडिडस’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शुभ्र, उजळ. पण पुढच्या अभ्यासकांना रुपेरी आणि शुभ्र या दोघांत फरक दिसेना. दोन्ही मासे एकच, असे त्यांनी ठरवले. असा निर्णय झाला की शास्त्रात आधीचे नाव टिकते आणि नंतरचे नाव त्याचा नुसता पर्याय म्हणून वहीत उरते. ‘कँडिडस’ असेच वहीत पडून राहिले.

2019 साली ‘झूऑलॉजिकल स्टडीज’ या नियतकालिकात भारतीय शास्त्रज्ञांचा एक लेख आला. उत्तर हिंदी महासागरातला आपला पापलेट चीनकडच्या पापलेटहून वेगळी जात आहे, हे त्यांनी दाखवून दिले. मग या ‘नव्या’ जातीला नवे नाव द्यायचे का? नाही. नामकरणाचा नियम असा, की त्या जातीला आधी कोणी रीतसर नाव दिलेले असेल तर तेच वापरायचे. म्हणून कुव्हिएने दिलेले नाव वहीतून बाहेर निघाले. आपला पापलेट झाला ‘पॅम्पस कँडिडस’. स्वतःच्या नावाने ओळखले जायला त्याला एकशे नव्वद वर्षे लागली.

आता प्रश्न असा, की दोन मासे वेगळ्या जातीचे आहेत हे ठरवतात कसे? दोन्ही चंदेरी, दोन्ही चपटे, ताटात दोन्ही सारखेच.

पहिले काम मोजण्याचे. माशाचे तोंड डावीकडे ठेवून त्याची डावी बाजू वर घेतात आणि छायाचित्र काढतात. आतले काही पाहण्यासाठी चीर द्यायची झाल्यास ती बहुधा उजव्या बाजूला देतात, म्हणजे डावी बाजू पुढच्या अभ्यासकासाठी शाबूत राहते. लांबी मोजायची ती तोंडाच्या टोकापासून पाठीचा कणा संपतो तिथपर्यंत. शेपटीचा पर त्यात धरत नाहीत, कारण तो जाळ्यात, टोपलीत तुटतो. मग शरीराची उंची, डोक्याची लांबी, डोळ्याचा व्यास मोजून हे सारे त्या लांबीच्या प्रमाणात मांडतात. लहान-मोठ्या माशांची तुलना करायची तर नुसते सेंटिमीटर उपयोगाचे नाहीत, प्रमाण लागते.

दुसरे काम नगाने मोजण्याचे. पाठीवरच्या परात काटे किती, मऊ काड्या किती? पोटाकडच्या परात किती? कल्ल्याच्या पहिल्या कमानीवर, पाण्यातले अन्न गाळणारे जे दाते असतात, ते किती? पाठीच्या कण्यात मणके किती? मणके मोजायला माशाचा क्ष-किरण फोटो काढतात. आणि हे एका माशावर भागत नाही. अनेक मासे तपासावे लागतात, कारण घरातल्या दोन भावांतही फरक असतोच. तो फरक भावाभावांतला आहे की दोन घराण्यांतला, हे संख्या जमल्यावरच कळते.

पापलेटच्या कुळात आणखी एक खूण फार कामाची आहे. डोक्याच्या मागे, कल्ल्याच्या वरच्या अंगाला कातडीवर बारीक नागमोडी रेषांचा एक पट्टा असतो. पुढच्या वेळी पापलेट आणाल तेव्हा उजेडात धरून पाहा, दिसेल. हा पट्टा किती रुंद आहे, मागे कुठवर जातो, हे जातीजातीत बदलते. आपण सुरी फिरवताना ज्या जागेकडे पाहतही नाही, तिथे त्याची ओळख लिहिलेली असते.

तिसरे काम जनुकीय. माशाला फॉर्मॅलिनमध्ये ठेवण्याआधी पराचा किंवा स्नायूचा छोटा तुकडा अल्कोहोलमध्ये वेगळा काढतात. त्यातल्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा भाग वाचतात. त्याला डीएनए बारकोड म्हणतात. आपल्या आणि चीनकडच्या पापलेटांची ही अक्षरे जुळेनात, तेव्हा शंका पक्की झाली. पण नुसत्या अक्षरांवर काम संपत नाही. अक्षरांतला फरक आणि अंगावरचा फरक एकमेकांची साक्ष देतात, तेव्हा निकाल लागतो. शेवटी हे मासे संग्रहालयात क्रमांक घालून ठेवतात. उद्या कोणाला निकाल पटला नाही, तर त्याने तोच मासा काढून पुन्हा मोजावा. ही सोय मला फार आवडली. आम्हा कवींच्या धंद्यात अशी सोय नाही.

आता आपल्या बाजारापुरत्या काही खुणा सांगतो. पापलेटच्या पोटाखाली, बहुतेक माशांना असते तशी परांची जोडी नसते. कल्ल्याचे तोंड लांब नसून आखूड चिरेसारखे असते. खवले बारीक आणि इतके सैल, की बर्फातून आपल्या हाती येईपर्यंत बरेच गळून गेलेले असतात. शेपटी खोल दुभंगलेली, आणि तिचा खालचा फाटा वरच्यापेक्षा लांब. पाठीवरच्या आणि पोटाकडच्या परांपुढे छोटे, पात्यासारखे चपटे काटे असतात. घशात मागच्या बाजूला आतून काटेरी अशा पिशव्या असतात. जेलीफिशसारखे मऊ जीव आणि पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव खाणाऱ्या या माशाची ती चक्कीच म्हणा ना.

कापरी हा त्याचाच भाऊबंद, युफ्रासेनचा ‘चायनेन्सिस’. तो अंगाने अधिक उंच आणि रंगाने करडा. त्याच्या परांपुढे ते चपटे काटे दिसत नाहीत आणि शेपटीचे दोन्ही फाटे साधारण सारखे असतात. हलव्याला ‘काळे पापलेट’ म्हणून विकतात, पण तो पापलेटच्या कुळातला नाहीच. हलव्याच्या शेपटीच्या देठावर मधोमध बोट फिरवा, कणखर खवल्यांची खरखरीत कड लागेल. पापलेटला ती नसते. ‘पापलेट’ हा शब्दही आपल्याकडे बाहेरून आलेला. त्याचे मूळ पोर्तुगीज ‘पाम्पो’कडे नेतात. कुवेतला गेलेली आपली माणसे पापलेट मागताना ‘झुबैदी’ म्हणतात. बाजारात नावे अशी कितीही असोत, काही बिघडत नाही. शास्त्रात मात्र एका जातीला एकच नाव लागते.

कोणी म्हणेल, नावाने काय फरक पडतो? चव तर तीच. फरक पडतो तो असा. मासा पकडण्याआधी त्याने निदान एकदा तरी अंडी घालावीत, एवढी सवड त्याला मिळाली पाहिजे. त्यासाठी तो केवढा झाला की वयात येतो, अंडी कोणत्या महिन्यांत घालतो, हे माहीत हवे. ही उत्तरे प्रत्येक जातीची वेगळी असतात. चीनच्या समुद्रातल्या माशावर झालेला अभ्यास, केवळ नाव एक म्हणून, आपल्या माशाला लावला तर नियम चुकतो, आणि त्याची किंमत सातपाटीचा नाखवा भरतो. 2023 मध्येच राज्य सरकारने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट त्यांत आहे. हा नियम नीट बसायचा तर तो नेमका कोणत्या माशासाठी आहे, हे आधी ठरायला हवे. बारीक आसाच्या डोल जाळ्यात पापलेटची पिल्ले सापडतात. ती परत पाण्यात जिवंत जात नाहीत. आमच्यासारख्या दूरच्या गावी ती स्वस्त मासळी म्हणून येतात.

मी चाळीसएक वर्षे कविता लिहितो आहे. माझ्या कवितांत मासे पुष्कळ आले, पण मी नेहमी नुसते ‘मासा’ लिहून मोकळा झालो. मरळ की वाम, सरंगा की हलवा, हे मला सांगावेसे वाटले नाही, कारण मी पाहिलेच नव्हते. ज्यांनी पराच्या काड्या एकेक करून मोजल्या, त्यांचा लेख वाचल्यावर याची मला थोडी लाज वाटली.

त्या रविवारी माझ्या हातातला पापलेट तळहाताएवढासुद्धा नव्हता. मी तो टोपलीत परत ठेवला. बाईला म्हटले, ‘‘हे लेकरू आहे. मोठा आला की सांग.’’ ती म्हणाली, ‘‘चाचा, मोठा आते येतंच नहीत.’’ मग मी तिच्याकडून तापीतली मरळ घेतली आणि घरी आलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)