हवेच्या जोरावर फिरणाऱ्या झडपा

एस. टी. गाडी फाट्यावर उभी राहते, ड्रायव्हर ब्रेक सोडतो आणि ‘फुस्स’ असा आवाज येतो. हा आवाज तुम्ही कितीदा तरी ऐकला असेल. दाबून भरलेली हवा आपले काम उरकून बाहेर पडते, तिचा तो सुस्कारा. अशीच हवा साखर कारखान्यात रसाच्या, वाफेच्या आणि पाण्याच्या नळांवरील झडपा उघडते व मिटते. झडपेच्या डोक्यावर जे धातूचे डबडे बसवलेले असते, त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. कामगार नुसतेच ‘सिलिंडर’ म्हणतात, आणि त्यात काही चूक नाही.

त्याच्या आत असते तरी काय? सायकलचा पंप आठवा, पण उलटा. पंपात आपण दांडा दाबतो आणि हवा बाहेर जाते. येथे हवा आत शिरते आणि दट्ट्या सरकतो. दट्ट्याचे दाते एका दातेरी चाकात गुंतलेले असतात. दट्ट्या सरकला की चाक पाव फेरा फिरते आणि त्याबरोबर झडपही. हवेत एवढे बळ आले कुठून, असे वर्गात हमखास कोणीतरी विचारते. शिक्षकांनी तेव्हा फळ्यावर हिशेबच मांडावा. दट्ट्याचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होते. कारखान्यातील हवेचा दाब बहुधा दर चौरस सेंटिमीटरला ६ किलोच्या आसपास असतो. गुणाकार केला की उत्तर येते १,८८४ किलो. म्हणजे साखरेची पन्नास किलोची सदतीस पोती एका दट्ट्यावर रचल्यासारखे झाले! मी गणिताचा एम. ए.; पण आकड्याचे वजन मला या डबड्याने शिकवले.

आता, हवाच गेली तर? कॉम्प्रेसर बंद पडला, नळी फुटली, तर झडपेने काय करावे? याचे उत्तर आधीच ठरवून ठेवावे लागते. वाफेची झडप बहुतेक ठिकाणी अशा वेळी मिटलेली बरी. यंत्र गार ठेवणाऱ्या पाण्याची उघडी बरी. म्हणून पुष्कळ ॲक्च्युएटरांत एक दणकट स्प्रिंग बसवतात. हवा एका बाजूला ढकलते, आणि हवा नाहीशी झाली की स्प्रिंग झडपेला ठरलेल्या जागी परत आणते. काही ॲक्च्युएटरांत स्प्रिंग नसते. दोन्ही बाजूंनी हवाच काम करते. त्यातली हवा सोडली की झडपेला धरणारे कोणी उरत नाही, नळातल्या प्रवाहाने ती आपोआप फिरू शकते.

चालवताना हवा कोरडी आणि स्वच्छ लागते. हवेबरोबर पाणी आले की आत गंज धरतो आणि झडप अडखळते. हाताने फिरवायचे चाक असेल तर काम झाल्यावर ते सोडवून ठेवायचे, हेही पुष्कळजण विसरतात.

पण खरा धोका आहे तो स्प्रिंगचा. ती डब्यात दाबूनच बसवलेली असते. हवा नसली तरी ती थकलेली नसते! टोपणाचे बोल्ट भलत्या क्रमाने ढिले केले तर टोपण बंदुकीच्या गोळीसारखे उडते. बनवणाऱ्याने सांगितलेल्या रीतीवाचून तो डबा उघडूच नये.

काही वर्षांपूर्वी गळीत हंगाम संपल्यावर मी विद्यार्थ्यांना घेऊन एका कारखान्यात गेलो होतो. दुरुस्तीचे दिवस. ओझी उचलणाऱ्या माणसांना तिथे खलाशी म्हणतात. त्यांतले एक म्हातारे, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटे नव्हती. मुलांनी विचारलेच. मामा म्हणाले, “हवेचा कॉक बंद केला व्हता, पण आतली हवा सोडली न्हाई. झडपेत हात घातला, आन् कुनीतरी नळी काढली.” एवढेच. हवा गेली, स्प्रिंगने झडप मिटली.

त्या दिवशी झडपेसकट एक ॲक्च्युएटर वर चढवायचा होता. एका पोराने चेनपुलीचा हूक डब्यावरच्या कडीत अडकवला. मामा ओरडले, “आरं, ती कडी एकट्या डब्याची हाय! खालची झडप कुनी पेलायची?” ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वरची कडी ॲक्च्युएटरचे वजन पेलण्यापुरतीच केलेली असते. झडप जोडलेली असेल तर पट्टा झडपेच्या अंगाला घालायचा, आणि वरचा डबा कलंडू नये म्हणून त्याला वेगळा आधार द्यायचा. हवेच्या नळ्या किंवा हातचाक यांना धरून तर कधीच उचलू नये.

पट्ट्यांचा कोनही पाहावा लागतो. विहिरीवर दोघांनी दोर ताणून मधे बादली धरली, तर दोर जितका आडवा तितके हात जास्त भरून येतात. तसेच हे. २०० किलोचे ओझे दोन उभ्या पट्ट्यांवर असेल तर प्रत्येकावर १०० किलो पडतात. पट्टे जमिनीच्या पातळीशी ३० अंशांवर आले की प्रत्येकावर पुरे २०० किलोंचा ताण येतो! ओझे तेवढेच, ताण दुप्पट.

मामांनी पट्टे पुन्हा बांधून घेतले. नळातला दाब उतरलाय, डब्यातली हवा सोडलीय, हे दर्शकाचा काटा पाहून ताडले. खाली उभ्या मुलांना लांब केले. मग “हाबीस!” म्हणाले, म्हणजे वर. वीतभर उचलून थांबवले आणि ओझे कुठे झुकते ते पाहत राहिले. जरासे झुकत होते, खाली घेतले, पट्टा चार बोटे सरकवला, पुन्हा “हाबीस!” एक पोरगा बाजूने दोर धरून ओझे फिरू देत नव्हता. जागेवर आल्यावर “आरिया!” म्हणजे खाली. हा शब्द पोर्तुगीज खलाशांकडून बंदरांत आला आणि तिथून कारखान्यांत. सगळे बोल्ट आवळून होईपर्यंत मामांनी हूक काढू दिला नाही. मग हवेचा कॉक हळूहळू उघडला, काटा पाव फेरा फिरला, आणि मामांनी खिशातून चुन्याची डबी काढली.