अ‍ॅड्रेनलिन दार उघडत नाही

भीती वाटली की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात आणि छाती धडधडू लागते, इतके शाळेच्या पुस्तकातही असते. त्यात कॅल्शियमचे नाव नसते. पण ग्रंथीतून संप्रेरक बाहेर पडायलाच कॅल्शियम लागते. डग्लस आणि रुबिन यांनी १९६१ साली मांजराच्या ग्रंथीवर प्रयोग करून दाखवले, की बाहेरच्या द्रवात कॅल्शियम नसेल तर चेतापेशीचा संदेश मिळूनही ग्रंथी काही सोडत नाही. पुढे हे संप्रेरक हृदयात पोहोचते आणि तिथेही कॅल्शियमचाच प्रवाह वाढवते. अ‍ॅड्रेनलिन कॅल्शियम चॅनलचे, म्हणजे पेशीपटलातल्या कॅल्शियमच्या वाटेचे, दार उघडते, असे सर्रास लिहिले जाते. माझ्या मते हे वर्णन चुकीचे आहे. दार उघडते ते पेशीपटलावरचा विद्युतदाब बदलल्याने. अ‍ॅड्रेनलिन फक्त त्यावरचा अडसर काढते.

अ‍ॅड्रेनलिनमुळे पीकेए नावाचे विकर जागे होते, हे ठाऊक होते. ते चॅनलवरच फॉस्फेट चिकटवत असावे, अशी समजूत कित्येक वर्षे टिकली. पण चॅनलवरच्या तशा जागा बदललेल्या उंदरांचे हृदयही अ‍ॅड्रेनलिनसारख्या औषधाला नेहमीप्रमाणे प्रतिसाद देत राहिले. मग कोलंबिया विद्यापीठातल्या स्टीव्हन मार्क्स यांच्या गटाने चॅनलच्या शेजारी कोणती प्रथिने असतात ते तपासले. औषध देताच त्यातले ‘रॅड’ नावाचे प्रथिन कमी झालेले दिसले. एरवी चॅनलला दाबून ठेवणारे रॅड फॉस्फेट लागताच बाजूला होते, असा त्यांचा २०२० मधला निष्कर्ष आहे. शेजारून एखादे प्रथिन हलणे हा निव्वळ योगायोग कशावरून नसेल, अशी शंका रास्तच. तिचे उत्तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींनी दिले: नुसते चॅनल असलेल्या पेशी प्रतिसाद देत नव्हत्या, रॅड घालताच देऊ लागल्या.

मग कॅल्शियमच्या गोळीनेही छाती धडधडेल का? नाही. पेशीबाहेरचे मुक्त कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतेच; तुटवडा मालाचा नाही, प्रश्न वाटेचा आहे. हृदयाची औषधेही याच वाटेवर दोन ठिकाणी काम करतात. बीटा ब्लॉकर अ‍ॅड्रेनलिनचा निरोप वाटेतच रोखतात, म्हणजे रॅड जागेवरून हलत नाही. व्हेरापामिल खुद्द चॅनललाच अडवते. म्हणूनच बीटा ब्लॉकर चालू असलेल्या रुग्णाला व्हेरापामिल शिरेतून देण्याचे डॉक्टर टाळतात: एकाच प्रवाहावर दोन्हीकडून बंधन आले तर हृदयाची गती धोकादायक ठरेल इतकी मंदावू शकते.