धुराड्याच्या नळीसाठी उष्णतासह काळा लेप : निवड आणि वापर

गोव्यात मोटारसायकल हे केवळ हौसेचे वाहन नाही. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलीवरून प्रवाशांची ने-आण करणारे पायलट, पहाटे मासळी घेऊन निघणारे विक्रेते, दूरच्या वाड्यावरील शाळेत जाणारे शिक्षक, या सर्वांचा दिवस तिच्यावर अवलंबून असतो. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा पहिला तडाखा बसतो तो धुराड्याच्या नळीला व सायलेन्सरला. नळीला भोक पडले, की कंपनीचा मूळ भाग महाग म्हणून पुष्कळदा बाजारातील पर्यायी नळी बसविली जाते. अशा स्वस्त नळीवरील काळा रंग अनेकदा एका पावसाळ्यातच तपकिरी पडतो व त्याचे पोपडे निघू लागतात. मग रंगाचा नवा डबा आणला जातो आणि पुन्हा तोच अनुभव येतो. हा वारंवारचा खर्च टाळावयाचा असेल, तर रंग का टिकत नाही हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

रंग का बिघडतो?

कोणत्याही रंगात दोन मुख्य घटक असतात : रंग देणारी पूड आणि ती पूड पृष्ठभागास चिकटवून ठेवणारा बंधक. दारे-खिडक्यांना लावावयाच्या साध्या इनॅमल रंगातील बंधक तेल व राळ यांपासून बनलेला असतो. सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या पुढे तो करपू लागतो, ठिसूळ होतो आणि सुटून पडतो. पुडीचेही तसेच आहे. काजळी हा शुद्ध कार्बन असल्याने तीव्र उष्णतेत ती हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून जळून जाते. काळे लोह-ऑक्साइड सुमारे २०० अंशांच्या पुढे हळूहळू तांबड्या ऑक्साइडात बदलते. नळी तपकिरी दिसू लागली म्हणजे नेहमी गंजच चढला असे नव्हे. कित्येकदा तो पुडीत झालेला बदल असतो.

उष्णतासह लेपात याच दोन घटकांची योजना वेगळी असते. त्यातील बंधक सिलिकोन जातीचा असतो. तापल्यावर त्यातील सेंद्रिय भाग जळून जातो. परंतु सिलिकॉन व ऑक्सिजन यांची साखळी शिल्लक राहते आणि पुडीला पत्र्याशी धरून ठेवते. पूडही तांबे, क्रोमियम, मँगनीज, लोह अशा धातूंची मिश्र ऑक्साइडे भट्टीत भाजून तयार केलेली असते. आधीच भाजली गेल्यामुळे ती उष्णतेने सहसा बदलत नाही.

कोणता लेप कोठे?

नळीचे तापमान सर्वत्र सारखे नसते. इंजिनाला जोडलेल्या बेंडपाईपच्या वळणावर ते साधारणतः ३०० ते ५०० अंशांपर्यंत जाते; सायलेन्सरच्या शेपटाकडे ते पुष्कळ कमी असते. चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना, अथवा गर्दीत इंजिन चालू ठेवून उभे असताना, नळी अधिकच तापते. म्हणून निवड सर्वांत तप्त भागाकडे पाहून करावी.

सामान्य वाहनधारकास सुमारे ६०० अंशांपर्यंत टिकणारा सिलिकोन लेप पुरेसा होतो. डब्यावरील आकडा वाचताना ते तापमान सतत सोसण्याचे आहे की अधूनमधून, हे अवश्य पाहावे. सिरॅमिक लेप याहून अधिक उष्णता सोसतो व अधिक काळ टिकतो. मात्र तो विशेष कारखान्यातच नीट लागतो आणि महाग पडतो. साधे पावडर कोटिंग सुमारे १८० ते २०० अंशांवर भाजून तयार होते. चौकटीस वा स्टँडला ते उत्तम, पण बेंडपाईपवर ते टिकत नाही.

खरे काम पूर्वतयारीत

चांगला लेप वाया जाण्याचे मोठे कारण म्हणजे त्याखाली लावलेला साधा रेड ऑक्साइड प्रायमर किंवा पुट्टी. खालचा थर करपला, की वरचा कितीही चांगला असला तरी त्याच्यासह सुटतो. यास्तव लेप स्वच्छ, उघड्या धातूवरच द्यावा, अथवा उत्पादकाने सांगितलेलाच उष्णतासह प्रायमर वापरावा.

जुना रंग व गंज तारेच्या ब्रशाने व पॉलिशपेपरने पूर्णपणे काढावा. खडीचा मारा करून घेतल्यास लेपाची पकड अधिक चांगली बसते. गुळगुळीत स्टेनलेस स्टीलच्या नळीस तर तो आवश्यकच समजावा. या कामी कोरडी रेती वापरू नये. तिची धूळ श्वासावाटे जाऊन कारागिरास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार जडतो. त्यानंतर थिनरने तेलाचा अंश पुसून घ्यावा व पृष्ठभागास उघड्या हाताचा स्पर्श होऊ देऊ नये.

लेप पातळ द्यावा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर हितकर. जाड थर तापल्यावर फुगतो. पावसाच्या दमट दिवशी हे काम टाळावे.

भाजल्याशिवाय पक्केपणा नाही

हाताला कोरडा लागलेला सिलिकोन लेप अद्याप कच्चाच असतो. बहुतेक प्रकारांस सुमारे २०० अंशांवर तासभर भाजावे लागते. पावडर कोटिंगच्या कार्यशाळेत अशी भट्टी असते. ती सोय नसल्यास नळी वाहनावर बसवून इंजिन प्रथम काही मिनिटे मंद चालवावे व पूर्ण थंड होऊ द्यावे. नंतर दोन-तीन वेळा हाच क्रम थोडा अधिक वेळ करावा. या वेळी धूर व वास येतो. तसेच इंजिनाच्या धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो. म्हणून हे काम बंद खोलीत कधीही करू नये. स्वयंपाकाची भट्टीही यासाठी वापरू नये.

लेपाच्या मर्यादा

एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. वाहन रोज थोडेच अंतर चालत असेल, तर सायलेन्सर पुरेसा तापत नाही. ते पाणी आत साचते व पत्रा आतून गंजतो. बाहेरचा कोणताही लेप हे थांबवू शकत नाही. सायलेन्सरच्या तळाशी पाणी निघून जाण्याचे बारीक छिद्र असल्यास ते बुजू देऊ नये, आणि आठवड्यातून एकदा तरी वाहन दूरवर चालवावे.

चकचकीत क्रोमच्या नळीपेक्षा काळी नळी अधिक उष्णता बाहेर टाकते, हेही ध्यानात ठेवावे. मागे बसणाऱ्याचा, विशेषतः मुलांचा, पाय भाजू नये म्हणून मूळ संरक्षक पत्रा काढून टाकू नये.

कायद्याची बाजूही महत्त्वाची आहे. पर्यायी नळीने आवाज वा धूर विहित मर्यादेबाहेर गेल्यास, मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १९०(२) अन्वये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या अपराधासही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय तीन महिने वाहन चालविण्याचा परवाना धारण करण्यास अपात्र ठरविले जाते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या पेट्रोल मोटारसायकलींत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुराड्याच्या मार्गातच बसविलेला असतो. तो नसलेली नळी बसविणे म्हणजे विषारी वायू मोकळे सोडणे होय.

सारांश, आधी नळी योग्य मापाची व नियमांत बसणारी निवडावी. मग तिचा धातू उघडा व स्वच्छ करावा, सिलिकोन लेप पातळ द्यावा आणि तो नीट भाजावा. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींना पैशापेक्षा धीरच अधिक लागतो. तेवढा धीर धरल्यास दर पावसाळ्यानंतर नवा डबा आणण्याची वेळ सहसा येणार नाही.