अपील केलं, पण बाहेर कधी येणार?

समजा, सत्र न्यायालयाने दोघांना 10-10 वर्षांची शिक्षा सुनावली. एकाला जबरी चोरीसाठी, दुसऱ्याला 20 किलोपेक्षा जास्त गांजा बाळगल्याबद्दल. उच्च न्यायालयात अपील करायला दोघांनाही मुदत 60 दिवसांचीच. तुरुंगात असलात तर अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येतं.

पण अंतिम सुनावणीला कित्येकदा वर्षं जातात. तोवर माणूस आत की बाहेर?

जबरी चोरीत न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा स्थगित करू शकतं आणि जामीन देतं. अमली पदार्थ कायद्यात मात्र 1989 साली कलम 32अ घालून ही वाटच बंद केली होती. 2000 मध्ये ‘दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली, पण कलम 37ची अट ठेवली: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ आधार हवा, आणि बाहेर येऊन तो पुन्हा गुन्हा करणार नाही याची खात्री हवी.

गंमत बघा, ज्याला खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलंय, त्याच्याबद्दल हे! म्हणून गांजाच्या खटल्यात पंचनामा, सील आणि नमुने यांतल्या त्रुटी स्थगितीच्या अर्जातच नेमक्या दाखवाव्या लागतात. अंतिम सुनावणीपर्यंत थांबलात, तर निर्दोष सुटेपर्यंत बरीचशी शिक्षा भोगून झालेली असू शकते.