अंडं कोणत्या कोंबडीचं? दुकानदाराला विचारा

सख्यांनो, बैठकीत अंड्याचा विषय निघाला की बोलणं भावावरच थांबतं. ट्रे केवढ्याला, गावरान केवढ्याला. पण अंडं देणारी कोंबडी राहते कशी, हे कोणी विचारत नाही. आपल्या गावरान अंड्याला चार पैसे जास्त मिळतात ते त्याच्यावरच.

दुकानात ट्रेमधून येणारं बहुतेक अंडं पिंजऱ्यातल्या कोंबडीचं असतं. तारेचा पिंजरा, खाली उतरती जाळी. अंडं घातलं की घरंगळत बाहेर येतं. एका कोंबडीच्या वाट्याला झेरॉक्सच्या कागदाएवढीसुद्धा जागा नसते. पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, धुळीत लोळता येत नाही. आपली तलंग अंड्यावर आली की कशी आडोसा शोधत घरभर फिरते, ते आपण बघतोच. तिलाही तसंच वाटतं, पण जाईल कुठं? ती वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते, आपली गावरान 60-80. म्हणून ट्रेचं अंडं स्वस्त. लेकरांच्या ताटात अंडं पडतं ते या स्वस्ताईमुळंच, हेही खरं.

जनावराला नीट हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवू नये, असं आपला 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो. पिंजऱ्याबाहेरच्या कोंबड्यांची अंडी वेगळी ओळखता यावीत, असं विधी आयोगानं 2017 मध्ये सुचवलं. तरी पूर्णेच्या बाजारात ट्रेकडे बघून काहीच कळत नाही.

युरोपात अंड्यावर आकडा छापतात. 3 म्हणजे पिंजऱ्यातलं, 2 म्हणजे शेडमध्ये मोकळं, 1 म्हणजे बाहेर फिरणाऱ्या कोंबडीचं, 0 म्हणजे सेंद्रिय. जुन्या पद्धतीचे अरुंद पिंजरे तिथं 1 जानेवारी 2012 पासून बंद झाले. पण सगळं कायद्यानंच झालं असं नाही. इंग्लंडात एका 14 वर्षांच्या शाळकरी मुलीनं टेस्को या मोठ्या दुकानसाखळीकडे मागणी केली, की पिंजऱ्यातली अंडी विकू नका. अडीच लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. 2016 मध्ये टेस्कोनं जाहीर केलं, 2025 पर्यंत बंद करू. मोठा दुकानदार खरेदी बदलतो तेव्हा फार्मवाल्याला बदलावंच लागतं.

आपण दुकानदाराला काय म्हणायचं? माझं मत सांगते. स्वस्त अंडं उद्यापासून बंद करा, असं आपण म्हणू नये. गरिबाच्याच पोटाला चिमटा बसेल. पण कोंबडी पिंजऱ्यातली की मोकळी, हे ट्रेवर लिहा, आणि मोकळ्या कोंबडीच्या अंड्याला वेगळी जागा द्या, एवढं तर म्हणता येतं. परभणी-नांदेडच्या मोठ्या दुकानांना प्रभागसंघाच्या लेटरहेडवर, सह्या करून पत्र द्यावं. एकटीनं विचारलं तर हसतील, पन्नास जणींनी विचारलं तर मालक बाहेर येईल.

खरी मेख तांबड्या अंड्यात आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, राहणीवर नाही. पिंजऱ्यातली कोंबडीही तांबडं अंडं देते आणि ते ‘गावरान’ म्हणून खपतं. त्यात मार आपल्याच अंड्याला बसतो. म्हणून आपल्यातही कोणी बाहेरची तांबडी अंडी मिसळू नयेत. अंड्यावर पेन्सिलीनं तारीख घाला, कोणाच्या घरची किती आली ते वहीत लिहा. दुकानदारानं विचारलं तर वही दाखवता आली पाहिजे.

आणि मोकळी कोंबडी म्हणजे रोग नाही, असंही नाही. जानेवारी 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुंब्यात, एका बचत गटाच्या फार्मवर बर्ड फ्लूनं सुमारे 900 कोंबड्या मेल्या. मग आजूबाजूच्या कोंबड्याही माराव्या लागल्या. तेव्हा मानमोडीची लस पशुसखीला विचारून वेळेवर टोचून घ्या, रात्री खुराडं कोरडं ठेवा. एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या तर उकिरड्यावर फेकू नका, विकू तर नकाच. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.